तुरफाचा भाऊ

२ जुमादा-अव्वल १३८४
उम्म सिद्रा

पोचलो एकदाचे! उनैझाहून निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी, दुपारच्या नमाजाच्या जरा आधी लॉरीने आम्हाला गावच्या विहिरीपाशी उतरवलं. आम्ही म्हणजे मी, माझी बहीण तुरफा, कपड्यांची एक पेटी, पुस्तकांच्या दोन आणि आईचा कॉफी कुटायचा पितळी खल. खल तुरफाने सगळी वाट मांडीवर धरून आणला. मी म्हटलं, अगं, पेटीत टाक, मूल आहे का ते? तर म्हणाली, मुलापेक्षा बरं, हाणल्याशिवाय रडत नाही. हे ती स्वतःवरच बोलते. सात वर्षं नांदली, मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने परत पाठवली. त्याचं रडू तिने केव्हाच संपवलंय. आता ती हसते आणि ऐकणाऱ्याची पंचाईत होते.

घर मला आवडलं. मातीच्या भिंतींना नवा गिलावा आहे, अंगणात एक लिंबाचं झाड, बैठकीच्या खोलीत चुलाण. छतावर चढलं की पूर्वेला दहना वाळवंटाची तांबडी रेघ दिसते. शेजारी फहैद नावाचा माणूस राहतो. त्याची दोन पोरं माझ्या शाळेत येणार आहेत. त्याने आल्या आल्या खजूर आणि ताक पाठवलं. वर निरोप असा की, उनैझाच्या लोकांना आमचे खजूर आवडणार नाहीत, पण उपाशी मरण्यापेक्षा बरे.

लॉरी आता सत्तावीस तारखेला येईल. तोवर आम्ही इथले.

सामान लावता लावता मी तुरफाला हाक मारली. हाक कसली, ‘तु’ म्हटलं असेल, तोवर मागच्या खोलीतून ‘लब्बैह!’ अशी ओ आली. तिची ही लहानपणापासूनची खोड आहे. झोपेत असली तरी ओ देते. आई म्हणायची, हाकेला ओ न देणं म्हणजे हाक मारणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. आईने आम्हा दोघांना शिकवलं, पण शिकली ती एकटी तुरफा.

६ जुमादा-अव्वल

शाळेत तेवीस मुलं आहेत, चार पुस्तकं आणि एक फळा. फळ्याला मधोमध चीर आहे, त्यामुळे मी काढलेल्या नज्दच्या नकाशात तुवैकचा डोंगर आपोआप येतो. मुलं हुशार आहेत. राजधानी कुठे ते माहीत नाही, पण कुठल्या ओढ्याला कुठल्या नक्षत्रात पाणी येतं ते पाठ आहे.

शाळा हे पोटासाठी. मी आलोय तो दुसऱ्याच कामाला. उनैझातले माझे शेख नज्दमधल्या स्थळांचा कोश करताहेत. प्रत्येक विहीर, ओढा, टेकडी, तिचं नाव, ते कुणावरून पडलं, जुन्या काव्यात तिचा उल्लेख आहे का, आणि उंटाने किती वेळ लागतो, सगळं. या भागाची वही त्यांनी माझ्यावर सोपवली. निघताना म्हणाले, रोजनिशीही लिही, माणसाची आठवण म्हणजे वाळूवरची रेघ.

या कामाची एक युक्ती आहे. म्हाताऱ्याला सरळ विचारलंत की तो कॉफी पीत बसतो. त्याऐवजी ठोकून चुकीचं सांगायचं. काल मी बैठकीत म्हटलं, ती उत्तरेची टेकडी म्हणजे अबू तलहाच ना? तीन म्हातारे एकदम उसळले. एक म्हणाला, मास्तर, तुमच्या शाळेत हेच शिकवणार असाल तर पोरांना बकऱ्यांमागेच राहू द्या. तासाभरात मला अकरा नावं मिळाली.

१३ जुमादा-अव्वल

आज खरं घबाड सापडलं.

इथे दुहैमकाका म्हणून एक जण आहेत. ते दोर वळतात. साठी उलटलेली, एक डोळा गेलेला, पण या मुलखातला दगडन् दगड माहीत. पूर्वेला उंटाने दोन तासांवर चुनखडीच्या माळात एक दहल आहे, म्हणजे जमिनीत उभं गेलेलं भोक आणि तळाशी पाणी. कडक उन्हाळ्यात विहिरी आटल्या की पूर्वी लोक दोराने खाली उतरून पखाली भरत. आता पंप आल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. दुहैमकाका त्याला दहल हय्या म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या तोंडी म्हणे दहल वझ्ना असायचं. आणि माझ्याकडच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कवितेत, हाच माळ, हेच अंतर, आणि नाव आहे दहल शम्मा.

एकच जागा आणि तीन नावं, तिन्ही बायकांची! मला राहवेना. या तिघी कोण, विचारलं. दुहैमकाकांनी माझ्या पेल्यात कॉफी ओतली आणि म्हणाले, गरम आहे तोवर पी. माझी ठोकून द्यायची युक्तीही चालली नाही. मी म्हटलं, राण्या असतील. ते म्हणाले, असतील.

घरी येऊन तुरफाला सांगितलं. ती भरड्या गव्हाची जरीश ढवळत होती. म्हणाली, तीन बायका म्हणजे एकाच नवऱ्याच्या असतील, तिघींनी मिळून त्यालाच ढकलला असेल त्या भोकात, त्याचं नाव शोधून बघ.

१७ जुमादा-अव्वल, गुरुवार

दहल पाहिला! उतरलो आणि वरही आलो.

चार दिवस मी दुहैमकाकांचं डोकं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, ये बाबा, पण माझं ऐकायचं. फहैदही निघाला, मास्तरांची फजिती बघायला. पहाटेच्या नमाजानंतर निघालो. सपाट माळ, आणि त्यात अचानक ते तोंड, जेमतेम दोन माणसं रुंद. कडेचे दगड दोराने घासून घासून खोबणी पडलेले. आतून गार वारा येतो.

दुहैमकाकांनी दोर माझ्या कमरेला बांधला आणि नियम सांगितले. एक हिसका म्हणजे सैल सोडा, दोन म्हणजे ओढा. आरोळी द्यायची नाही. आणि या तोंडाशी नाव घ्यायचं नाही. मी म्हटलं, नाही घेत.

फहैदची जीभ चालूच होती. मास्तरांबरोबर खडूही सोडा, म्हणाला, तळाशी गेल्यावर भिंतीवर ‘आई, आई’ लिहायला बरा. उनैझाची माणसं खजूर मोजण्यात पटाईत, भोकात उतरायला छाती लागते. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. माझा बाप काही खजूर मोजत नव्हता, दोन लढाया पाहिलेला माणूस होता. संकटात शिरताना तो बहिणीच्या नावाने गर्जायचा, आमच्याकडे मर्द गर्जतात तसा. मी कडेला उभा राहिलो, खाली वाकलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, मी तुरफाचा भाऊ! आणि उतरलो.

तळ सात पुरुष खोल आहे. खाली गारवा, पाणी काचेसारखं. भिंतीवर मशालींची काजळी आणि टोळ्या आपापल्या उंटांवर डागतात त्या खुणा खरवडलेल्या, मी अठरा मोजल्या. माझा आवाज तिथे बराच वेळ फिरत होता. तुरफा, तुरफा, तुरफा. मग पाण्याच्या बाजूने बारीक आवाजात ‘लब्बैह’ ऐकू आलं. फहैद वरून बाईचा आवाज काढून चेष्टा करत असणार.

वर आलो तेव्हा फहैद चेष्टा करत नव्हता. त्याचा चेहरा उतरलेला होता. दुहैमकाकांनी विचारलं, ही तुरफा जिवंत आहे का? म्हटलं, म्हणजे काय, घरी पीठ मळत असेल. ते दोर गुंडाळायला लागले. मी म्हटलं, काका, मी माझं नाव कुठे घेतलं? परतीच्या दोन तासांत त्यांनी आपला उंट माझ्या कितीतरी पुढे ठेवला. आल्यापासून मला तेवढंच खटकतंय.

१८ जुमादा-अव्वल

जुम्म्याच्या नमाजाहून आलो तर तुरफाने फुरंगटून विचारलं, काल काय चेष्टा होती ती? मला कळेना. ती म्हणाली, सकाळी कुरसानच्या पातळ रोट्यांसाठी पीठ मळत होते, घरामागून तू हाक मारलीस, तुरफा, मोठ्यांदा, भांडायला आल्यासारखी. मी ओ दिली, पिठाच्या हातांनी बाहेर आले, तर कुणी नाही. या वयात लपाछपी खेळतोस?

मी तिला वेळ विचारली. ऊन लिंबाच्या बुंध्यावर आलं होतं म्हणाली.

ती वेळ मी दहलात होतो तीच. म्हणजे मी खाली ऐकलेली ओ तिची होती. दोन तासांच्या वाटेवरून. मी हे तिला सांगितलं नाही. हसलो आणि चुकलो म्हणालो.

१९ जुमादा-अव्वल

शाळा सोडून थेट दुहैमकाकांकडे गेलो. आता त्यांना हे सांगायचंच होतं, मी येण्याचीच ते वाट पाहत होते.

हय्या ही त्यांची आत्या. दुष्काळाच्या एका वर्षी त्यांचा काका पाण्यासाठी उतरला. दमला होता, भ्याला होता, धीर यावा म्हणून ओरडला, मी हय्याचा भाऊ! वझ्नाचंही तसंच झालं असं त्यांच्या वडिलांना माहीत होतं. शम्माचं तेव्हाच कुणाला आठवत नव्हतं, पण तीही कुणाची तरी बहीणच. खाली जे आहे त्याला आवाज भावाचा मिळतो आणि नाव बहिणीचं. मग ते हाक मारतं. ती ओ देते. जितक्यांदा ओ देते तितकी तिकडे सरकते. हय्याला उंटावर बांधून पश्चिमेला न्यायला निघाले होते. दुसऱ्या मुक्कामावर दोर सोडून ती परत चालत आली, उघड्या माळावर कोण अडवणार? हाक ऐकल्यापासून दहाव्या दिवशी तिच्या पावलांचा माग दहलाच्या तोंडापर्यंत होता. पुढे नव्हता.

मी चिडलो. म्हटलं, मग हे आधी का नाही सांगितलं? नाव घेऊ नको एवढंच का? त्यांच्या चांगल्या डोळ्याला पाणी आलं. म्हणाले, पोरा, हल्ली बहिणीच्या नावाने गर्जतं कोण? मला वाटलं ती माणसं संपली. तू शिकलेला, चष्मेवाला, तुझ्या तोंडून ते येईल असं मला कसं वाटावं?

मी समजलो होतो की नाव म्हणजे माझं नाव. बहिणीचं नाव घेतोय असं मनातही आलं नाही. तो आमचा गर्व असतो, नाव नसतं.

काका म्हणाले, एकच उपाय आहे. तिने ओ द्यायची नाही. कुणी काहीही म्हणो. सत्तावीसला लॉरी येईल. बंद लॉरीत, दोन माणसांच्या मध्ये बसवून ने. तोवर ती भिंतीच्या आत राहील असं बघ.

दहावा दिवस सत्तावीस.

२० जुमादा-अव्वल

तुरफाला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, काल दुपारी डोळा लागला होता तेव्हा तू दोनदा हाक मारलीस. जाग आली तेव्हा मी अंगणाच्या दाराशी उभी होते.

मी पावलं मोजली. अंथरुणापासून दारापर्यंत बावीस. पूर्वेला.

आम्ही असं ठरवलं की आजपासून मी तिला हाक मारणार नाही. घरात बोलणारही नाही. म्हणजे माझा आवाज ऐकू आला तर तो माझा नाही हे तिला पक्कं कळेल. ती हवी असली की मी आईचा खल वाजवीन, तीन टोले. तिने विचारलं, किती दिवस? मी बोटांनी सात दाखवले. म्हणाली, अरे भावा, तू गप्प आणि मी ओ न देणारी, आईने ओळखलं नसतं आपल्याला.

मग रडली. नवऱ्याने पाठवलं त्यानंतर पहिल्यांदा. मी काही बोलूही शकलो नाही.

२२ जुमादा-अव्वल

दोन दिवस खलाचं जमतंय. टण, टण, टण, की ती येते. तिने तोंडाला ओढणीचा बोळा बांधलाय. तरी आज दुपारी मी शाळेतून आलो तर घर उघडं होतं. ती कब्रस्तानाच्या कोपऱ्यावर सापडली, उन्हात, अनवाणी. बोळा गळ्यात.

म्हणाली, तू पडला होतास, मुक्बिल. पाय मोडला म्हणून ओरडत होतास. मी ओ कशी नको देऊ?

घरापासून तीनशे चाळीस पावलं. पूर्वेला.

आवाज माझाच होता, अगदी माझा, म्हणते. उनैझाच्या सुरातला.

२३ जुमादा-अव्वल

शाळेत जाताना दार बाहेरून अडसर लावून बंद करतो. स्वतःच्या बहिणीला कोंडतो. फहैदच्या बायकोला सांगून ठेवलंय की लक्ष ठेव, उघडू नको. फहैदची जीभ बंद झाली आहे. काल रस्त्यात भेटला, माझा हात धरला आणि म्हणाला, मी ते खडूचं बोललो नसतो तर... त्याच्या बोलण्याने काय होतं. ओरडलो मी.

कोशाच्या वहीत दहलाचं पान उघडून बसलो होतो. तीन नावं लिहिलेली आहेत, त्यांच्या खाली जागा आहे. मी ते पान मिटलं.

आज ती अडसर उघडायला सांगत होती. शांतपणे, दारापलीकडून. तू बोलवायचं आणि मी यायचं नाही, हे कसं रे?

मी दाराला पाठ लावून बसून राहिलो. ओ दिली नाही.

२४ जुमादा-अव्वल

तिचा आवाज बारीक होत चाललाय. समोर बसून बोलते, तरी पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. जरीश केली, मीठ विसरली. गाणं म्हणत नाही.

मला भीती वाटते. असं साधं लिहायला हवं. रोज दुपारी घरी येताना वळणावर माझे पाय थांबतात, कारण दार कसं दिसेल ते मला बघायचं नसतं.

तीन दिवस.

२५ जुमादा-अव्वल

जुम्म्याच्या नमाजाला गेलो होतो. प्रवचन चालू होतं. पूर्वेकडून खलाचा आवाज आला. तीन टोले.

धावत घरी गेलो. खल चुलाणाशी, जागच्या जागी. तुरफा दाराला नखं लावून उभी होती, बोटं सोललेली. म्हणाली, तू वाजवत होतास ना? उघडलं का नाहीस?

पाच दिवस मी वाजवला. तीन तीन टोले. ऐकणारं ऐकत होतं.

आता तिला काय देऊ? कशाने बोलावू? डोळ्यांनी? तिचा हात धरून बसलो. हात गार आहे. तळघरातल्या पाण्यासारखा. नाही, कशासारखा ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही.

२६ जुमादा-अव्वल

खलाचा बत्ता मी खिशात घालून फिरतो. तो माझ्याजवळ असला तर निदान खरा टोला कुणी मारणार नाही. वेडेपणा आहे. कळतंय.

शाळेला सुट्टी दिली. दिवसभर तिच्याजवळ बसलो. दुपारी दोनदा तिचं अंग ताठ झालं, ओठ हलले. मी हात ठेवला तोंडावर. ओ माझ्या तळव्यात आली. लब्बैह. जाणवली मला, ओलसर, गार —

लॉरी उद्या सकाळी. दुहैमकाका येतील, एका बाजूला मी, एका बाजूला ते. उनैझात आमच्या आत्याच्या घरी सगळी दारं पश्चिमेला आहेत.

उद्या.

२७ जुमादा-अव्वल, सकाळ

लॉरी आली! भोंगा ऐकला. तुरफाला कळलं, हसली थोडी. म्हणाली, खल पेटीत ठेव रे या वेळी.

शाळेची किल्ली गावप्रमुखाला देऊन येतो. शंभर पावलं जायला, शंभर यायला. दाराला अडसर. बत्ता माझ्या खिशात.

२७, दहलाच्या तोंडाशी

लिहितो. हात थांबू नये म्हणून लिहितो.

किल्ली देत होतो आणि टोले पडले. तीन. सगळ्या गावाने ऐकले. कॉफीचं बोलावणं वाटलं लोकांना, कुणी म्हणालंही, मास्तर जाता जाता कॉफी पाजताहेत. फहैदच्या बायकोनेही ऐकले. तुरफा आतून म्हणाली, खरा खल आहे, भाऊ बोलावतोय, लॉरी सुटेल. फहैदच्या बायकोने अडसर काढला. तिची चूक नाही. तीन टोले म्हणजे मी, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं.

लॉरीवाल्याने माळावर गाडी घालायला नकार दिला. उंटावरून आलो. दुहैमकाका मागे. वाटेत पावलं मोजली नाहीत. सरळ रेघ होती, कुठेच वळलेली नव्हती, दोन तासांची वाट तिने धावत काढली होती. तोंडापर्यंत. तिच्या चपला कडेला जोडीने ठेवलेल्या. बैठकीबाहेर काढतात तशा.

मी हाक मारली. सात दिवसांनी मारली. तुरफा!

‘लब्बैह!’

लगेच. नेहमीसारखी, हाक संपायच्या आत. हसरी. खालून.

पुन्हा मारली. पुन्हा आली. किती वेळा मारली माहीत नाही. काका म्हणतात, ती ती नाही, थांब आता. पण आवाज बारीक नाही राहिला, चांगला भरलेला आहे, तिच्या इथल्या पहिल्या दिवसासारखा —

काकांनी दोर आपल्या कमरेला गुंडाळून ठेवलाय. मला देत नाहीत. म्हणाले, कोशात नाव लिही आणि घरी चल. एवढंच आपल्या हातात असतं.

लिहिलं. तीन नावांखाली चौथं. दहल तुरफा, उम्म सिद्रापासून पूर्वेला, उंटाने दोन तास. कुणावरून पडलं — माझ्या बहिणीवरून. कुणामुळे —

काका तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला उभे राहिलेत. दोर काढून शेजारी ठेवलाय. पाठ माझ्याकडे.

आता ती हाका मारते आहे. मला. मुक्बिल. इथे आज माझं नाव कुणीच घेतलं नाही, काकाही ‘पोरा’ म्हणतात. मुक्बिल, अरे भावा. पाय मोडलाय म्हणते. अंधार आहे म्हणते. एकदा. दोनदा.

आईने दोघांना शिकवलं होतं. हाकेला ओ न देणं म्हणजे

तिसऱ्यांदा. मुक्बि—

ल